सापळ्याचा शब्द

शब्दकोशाच्या कचेरीत माणसांना भाषा वाटून दिल्या होत्या, भावाभावांत खोल्या वाटाव्यात तशा. काम एकच होतं: इंग्रजीने कुठून कुठून शब्द उचलले, त्याचा मोठा मराठी कोश करायचा. लॅटिन ज्यांच्या वाट्याला आली ते जिनासुद्धा रुबाबात चढत. फ्रेंचवाले अत्तर लावून येत. चिनी मात्र कुणालाच नको होती. शब्द थोडे आणि नाव होण्याची आशा त्याहून थोडी, म्हणून ती ताईंच्या गळ्यात पडली. ताई तेव्हा नव्या होत्या, आणि नको म्हणायची सवय त्यांना घरीच कुणी लावली नव्हती.

पण गळ्यात पडलेल्याशीच माणसाचं जमतं, तसं ताईंचं जमलं. माशाच्या खारवलेल्या रसाचं चिनी नाव इंग्रजांनी उचललं, आणि फिरत फिरत त्याचं टोमॅटोचं केचप झालं, हे त्या भेटेल त्याला सांगत. आपण ‘चहा’ म्हणतो, इंग्रज ‘टी’ म्हणतात, पण दोन्ही एकाच पाल्याची चिनी नावं, फक्त बोली वेगळी. हे सांगता सांगता हातातला चहा हमखास गार व्हायचा. ‘काउटाउ’ म्हणजे जमिनीला कपाळ टेकून केलेलं लोटांगण. ‘ब्रेनवॉश’ हे चिनी शब्दाचं सरळ भाषांतर. इतकंच काय, नाचक्की झाली की इंग्रजीत माणूस ‘चेहरा गमावतो’, तेही तो चिन्यांकडूनच शिकला. कचेरीत ताईंना चीनताई म्हणू लागले. वरवर त्यांनी नाक मुरडलं, मनातून त्यांना ते आवडलं.

संपादकांना सगळे पाठीमागे कुलूपसाहेब म्हणत. कपाटांना कुलूप, खणांना कुलूप, कोऱ्या कागदांच्या पेटीलासुद्धा कुलूप, आणि किल्ल्यांचा जुडगा कंबरेला. पण त्यांचं खरं कुलूप तोंडात होतं. रजा मिळेल का? बघू. बढतीचं काय झालं? बघू. ‘नाही’ म्हटलं तर माणूस भांडतो, ‘हो’ म्हटलं तर मोकळा होतो. ‘बघू’ म्हटलं की जागच्या जागी बसून राहतो, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं.

कोशवाल्यांची एक जुनी युक्ती असते. हजारो खऱ्या शब्दांत एक खोटा शब्द पेरून ठेवायचा, अगदी अस्सल दिसणारा. तो भाषेत नसतोच, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात तो दिसला की समजायचं, यानं आपलं कष्टाचं उचललं. याला कचेरीत सापळ्याचा शब्द म्हणत. तो कोणता, हे करणाऱ्याला आणि संपादकाला सोडून तिसऱ्या कुणाला सांगायचं नाही असा दंडक होता. कुलूपसाहेबांनी ते काम ताईंना दिलं. ‘चिनी तपासायला कोण जातंय?’ असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

तो शब्द ताईंनी दुपारच्या डब्यानंतर बसल्या बसल्या केला. करायला वेळ लागला नाही, कारण अर्थ घरून तयारच आणला होता. ताई दादा-वहिनींकडे राहत. आईवडील गेल्यावर ‘तूर्त’ म्हणून आल्या होत्या, त्या तूर्तच राहिल्या. त्यांची खोली म्हणजे गच्चीकडे जायचा रस्ता. वहिनी ओले कपडे घेऊन तिथून जायच्या, दादा सिगारेट घेऊन, भाची फोन कानाला लावून. दार होतं, पण ते लावलं तर घराची गच्ची बंद झाली असती. कुणी वाईट वागत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ‘तू आता तुझं बघ’ असं दादा कधी म्हणाला नाही, आणि ‘हे घर तुझंच आहे’ असंही कधी म्हणाला नाही.

ताईंनी दोन चिनी शब्द घेतले. ‘हौ’ म्हणजे थांबणं, ‘मेन’ म्हणजे दार. ते जोडले आणि इंग्रजीत जुन्या खलाशांनी आणला असं ठोकून दिलं. पुढे अर्थ लिहिला: ‘हौमेन: आत ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही, म्हणून दाराशीच राहिलेला माणूस, त्या माणसाची अवस्था.’ कुलूपसाहेबांनी वाचलं, मान हलवली. ‘छान. खरा वाटतो,’ म्हणाले, आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

शब्द तिथेच राहिला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्याच सुमारास दादाच्या दाराशी एक मांजर येऊन बसायला लागलं. वहिनी त्याला आत घेईनात, भाची त्याला हाकलू देईना. बिचारं उंबऱ्यावर, अर्धं आत अर्धं बाहेर. एकदा कचेरीतून आल्या आल्या ताई सहज म्हणाल्या, ‘काय हौमेन, काय ठरलं आज?’ भाचीला नाव आवडलं आणि ते चिकटलं. पुढे मांजरावरून ते माणसांवर आलं. ‘बँकेत सकाळभर हौमेन होऊन बसले’, असं वहिनी म्हणू लागल्या. नळवाल्याची वाट बघताना दादाही म्हणाला. शब्दाला गरज होती, म्हणून तो घरात रुळला. आणि जे रोज वाटीभर दूध पितं आणि पायाला अंग घासतं, ते मुळात खोटं आहे हे किती दिवस लक्षात राहणार?

मोठा कोश रखडला. वर्षं गेली, अजून छपाईचे कच्चे कागदच तपासून होत होते. अशात दुसऱ्या गावच्या एका लहान प्रकाशकाने ताईंना विचारलं: इंग्रजीत आलेल्या चिनी शब्दांवर कॉलेजच्या मुलांसाठी छोटं पुस्तक कराल का? काम पसंत पडलं तर पुढे नोकरीच देऊ. कचेरीच्या वर एक खोली रिकामी आहे, राहायची सोय होईल. ताईंनी बाकी काही विचारायच्या आधी विचारलं, ‘त्या खोलीला आतून कडी आहे का?’ प्रकाशक हसला आणि हो म्हणाला.

ताईंनी कचेरीतला कागदाचा कपटाही त्या पुस्तकासाठी वापरला नाही. याबाबतीत त्या फार काटेकोर होत्या. ग्रंथालयात बसून, डोक्यातलं आठवून, प्रत्येक अर्थ नव्या वाक्यात लिहिला. रविवारी गच्चीच्या रस्त्यात मांडीवर फळी घेऊन बसायच्या. वहिनींचे कपडे डोक्यावरून ठिबकायचे. इथे नोकरी असल्यामुळे पुस्तकावर नाव घालायचं नाही असं ठरलं होतं. पुस्तक छापून आलं त्या दिवशी ताईंनी मांजराला चक्क मांडीवर घेतलं.

आणि मग एके सकाळी कुलूपसाहेबांनी बोलावलं. टेबलावर तेच पुस्तक होतं.

‘चोर सापडला, बाई,’ ते म्हणाले. इतके खुशीत ताईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पान उघडून समोर सरकवलं आणि बोट ठेवलं. हौमेन.

ताईंच्या पायाखालची जमीन सरकली. टायफून, लीची, वोक अशा खऱ्या शब्दांच्या रांगेत तो शहाण्यासारखा उभा होता, आणि त्याचा अर्थ त्यांच्याच हातचा होता. तो लिहितानाचा रविवारही त्यांना आठवला. लिहिताना त्यांना उंबऱ्यावरचं मांजर दिसत होतं. कुलूपसाहेबांचं कपाट डोक्यात आलंच नव्हतं. दुसऱ्याचं चोरलं असतं तर निदान चोरताना सावध तरी राहिले असते, असं त्यांच्या मनात आलं.

‘आपला कोश अजून बाहेर पडलेला नाही,’ कुलूपसाहेब बोटांवर मोजत सांगत होते. ‘मूळ कागद माझ्या कपाटात. म्हणजे कच्च्या छपाईवरून उचललं. आणि कच्चे कागद घरी कोण नेतं? अण्णा.’

‘अण्णा तसं करणार नाहीत,’ ताई म्हणाल्या.

‘मग कोण करणार? तुम्ही?’ ते हसले. ‘तुमच्यावर तर मी संशयसुद्धा घेऊ शकत नाही. शब्द खोटा आहे हे तुम्हाला माहीत. आपणच पेरलेला काटा कोण तुडवेल? तुम्ही फक्त लिहून द्या, हा शब्द मी बनवला, असा शब्द जगात नाही. मग अण्णांना आणि त्या प्रकाशकाला मी बघतो.’

‘उद्या देते,’ म्हणून ताई बाहेर आल्या.

अण्णा म्हणजे मुद्रितशोधक, छपाईतल्या चुका काढणारे. दोन चष्मे, एक वाचायचा आणि एक माणसं बघायचा. कचेरीत दिवसाही अंधार, म्हणून डोळ्यांसाठी ते कागद घरच्या खिडकीशी नेत. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि साहेबांनी कधी मना केलं नव्हतं. निवृत्तीला आलेला माणूस. चूक दिसली की त्यांना राहवत नसे. एकदा शोकसभेत ते भाषण करणाऱ्याला मध्येच थांबवून म्हणाले होते, ‘दुःखदायी नव्हे, दुःखद.’ दुपारी दोन कप चहा घेऊन ते ताईंच्या टेबलाशी येत आणि रोज त्याच विनोदावर हसत: ‘घ्या ताई, तुमचं चिनी औषध.’

त्या संध्याकाळी ताई ताटावरून उठून आपल्या खोलीत येऊन बसल्या. सही करावी तर अण्णांच्या म्हातारपणाला काळिमा. खरं सांगावं तर ही नोकरी जाते, पुस्तक मागे घेतलं जातं, म्हणजे ती नोकरी आणि ती खोलीही जाते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही आपणच खणलेल्या. वहिनी कपड्यांची बादली घेऊन जाताना थबकल्या.

‘बरं नाही का?’

‘बरं आहे.’

‘तसं नव्हे, पोरीच्या परीक्षा आल्यात. अभ्यासाला शांत जागा हवी म्हणत होती.’ वहिनी पुढे काही म्हणाल्या नाहीत. त्या कधीच पुढे काही म्हणत नसत.

दुसऱ्या दिवशी ताईंनी साहेबांच्या खोलीत जाऊन उभ्या उभ्याच सांगितलं. ‘ते पुस्तक मी लिहिलंय. अण्णांचा संबंध नाही.’

कुलूपसाहेबांनी विश्वासच ठेवला नाही. ‘स्वतः केलेलं खोटं विसरलात?’

‘विसरले. आमच्या मांजराचं नाव आहे ते.’

‘अण्णांना वाचवायला मांजर पुढे करताय, बाई?’

खरं बोलायला धीर लागतो एवढंच ताईंना वाटत होतं. खरं बोलूनही कुणी ऐकणार नाही, हे डोक्यातच आलं नव्हतं. त्या संतापल्या. ‘कुठलंही पान उघडा,’ म्हणाल्या.

साहेबांनी उघडलं. ‘काउटाउ.’

‘कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकणे. मूळ अर्थ, डोके आपटणे. हल्ली, वरिष्ठांपुढे गरजेपेक्षा जास्त वाकणाऱ्यास लावतात.’

साहेबांनी पुस्तकात पाहिलं. आणखी एक पान उघडलं, मग आणखी एक. ताई न अडखळता म्हणत गेल्या. साहेबांच्या चेहऱ्यावरची खुशी उतरली, आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं. कुलपात नेमकी किल्ली बसावी तसा तो चेहरा शांत झाला. त्यांनी पुस्तक खणात टाकलं आणि खणाला कुलूप लावलं.

‘अण्णांचा विषय संपला,’ ते म्हणाले.

‘आणि माझा?’

‘बघू. जाताना दार लावून घ्या.’

त्यानंतर काहीच झालं नाही. ताईंना काढलं नाही, माफही केलं नाही. लहान प्रकाशकाचा फोन आला: तुमच्या साहेबांशी बोलणं झालं, पुस्तक मागे घेतोय, बाकीचंही आता जमणार नाही, वाईट वाटून घेऊ नका. तेलही गेलं, तूपही गेलं. कचेरीत ताई रोज वेळेवर येत. मान वर केली की साहेबांच्या खोलीची काच दिसे. पूर्वी त्या कधीमधी उशिरा येत, कामाबद्दल वादही घालत. आता कुणी अडवलं नव्हतं, पण बाजूच्या दुकानात पेन आणायला जातानाही त्या विचारून जाऊ लागल्या. रात्री मांजराकडे बघवत नसे. उंबऱ्यावर ते निवांत झोपलेलं असे, आणि ताईंना त्याचा राग येई.

अण्णांना तोंड दाखवणं तर त्यांनी टाळलंच. अण्णा सुटले, एवढं चांगलं झालं, असं स्वतःला समजावत त्या दुपारी कपाटांच्या मागे जाऊन डबा खात. अण्णाही चहा घेऊन येईनासे झाले. ताईंना वाटलं, त्यांना सगळं कळलं असणार आणि त्यांनी आपल्याशी बोलणं सोडलं असणार. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

एका दुपारी अण्णा आले. हातात एकच कप होता, तो त्यांनी ताईंसमोर ठेवला. त्यांचा शर्ट गळ्याशी सैल झाला होता.

‘ताई, तुमचं साहेबांकडे जाणं-येणं असतं,’ ते हळूच म्हणाले. ‘माझं काही कळलं का?’

‘तुमचं काय?’

‘चौकशीचं हो. कागद घरी नेल्याची. ते चिनी शब्दांचं पुस्तक सापडलं त्या दिवशी बोलावून म्हणाले, तुमच्यावर संशय आहे, घरी काही न्यायचं नाही. तेव्हापासून रोज विचारतोय. बघू म्हणतात.’ त्यांनी बघायचा चष्मा काढून पुसला. ‘घरी हिला अजून सांगितलं नाही. रोज डबा भरून देते, रोज येतो. काढायचं तर काढा म्हणावं, पण ही टांगती तलवार सोसत नाही. मी खरंच काही केलं नाही हो.’

‘विषय संपला’ असं साहेब म्हणाले होते, पण तो संपल्याचं ज्याला सांगायचं त्यालाच सांगितलं नव्हतं. आणि आपणही, लाजेखातर, एकदाही विचारलं नव्हतं. आपण केलेला शब्द आपल्याला चावला, ते एक वेळ सोसलं असतं. पण आता त्या शब्दात हा माणूसही आपल्यामुळे अडकून उभा होता. ताईंना स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. त्या उठल्या, खुर्ची मागे पडली, लॅटिनवाल्यांनी मान वर केली.

‘अण्णा, तुमच्यावर काही नाही,’ त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. ‘ते पुस्तक मी लिहिलं. चूक माझी. मी साहेबांना त्याच वेळी सांगितलं होतं. तुम्हाला सांगितलं असेल असं समजून गप्प बसले.’

अण्णा समोरच्या खुर्चीत बसले.

‘त्याच वेळी?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘म्हणजे इतके दिवस...’ त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. अर्धं वाक्य सोडणारा तो माणूस नव्हता. ते उठून आपल्या टेबलाकडे गेले.

काचेचं दार उघडलं. कुलूपसाहेब उभे होते, किल्ल्यांवर हात. ‘बाई, आत या. हे असं बाहेर बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘कुणी नाही,’ ताई म्हणाल्या. त्यांनी खणातून आपली पेनं, टवका उडालेला कप आणि छत्री काढली.

‘हे काय चाललंय? मी तुम्हाला जा म्हटलंय का?’

‘नाही म्हटलं, साहेब. म्हणून तर इतके दिवस बसले. अशा बसण्याचा अर्थ मीच कोशात लिहिलाय, आणि तुम्ही वाचून पसंत केलाय.’

‘बघू’ म्हणण्यासारखं साहेबांसमोर काही उरलं नव्हतं.

आता जायचं कुठे, हे ताईंना माहीत नव्हतं. घरी गच्चीच्या रस्त्यात भाचीचं टेबल येणार होतं. आतून कडी असलेली ती खोलीही गेली होती. भीती वाटत होती, आणि तरी पाय दाराकडे चालत होते. वाटेत अण्णांचं टेबल लागलं, तिथे त्या थांबल्या. अण्णा काहीतरी म्हणतील, रागावतील नाहीतर बरं झालं म्हणतील, म्हणून उभ्या राहिल्या. अण्णांनी वाचायचा चष्मा लावला, समोरचा कागद ओढला आणि लाल पेन्सिल हातात घेऊन वाचायला लागले. एक ओळ झाली, दुसरी झाली, ताई उभ्याच. मग ताईंना कळलं की आपण पुन्हा तेच करतोय.

‘जाते, अण्णा,’ त्या म्हणाल्या.

लाल पेन्सिल ओळीवर थांबली. ‘येते म्हणावं,’ अण्णा कागदाकडे बघतच म्हणाले. आवाज जड होता, पण चूक राहू देणं त्यांच्याने होत नव्हतं.

ताईंचे डोळे भरून आले. आयुष्यभर त्या प्रत्येक दारातून ‘येते’ म्हणूनच निघाल्या होत्या.

‘नाही अण्णा,’ त्या म्हणाल्या. ‘जाते.’ आणि जिना उतरू लागल्या.